1551 की नऊ महिने?

कोदोर्निऊच्या बाटलीला दोन वयं असतात. पहिलं जाहिरातीत, दुकानात, कंपनीच्या प्रत्येक ओळखीत भेटतं: 1551. दुसरं शोधावं लागतं. बाटलीत फेस तयार व्हायला लागल्यापासून आतला गाळ काढेपर्यंत ती तळघरात किती महिने पडून होती, ते हे दुसरं वय. पहिलं वय घराण्याचं, दुसरं वाइनचं. स्पेनमधल्या या जुन्या कावा उत्पादकाबद्दल माझी जी काही तक्रार आहे, ती या दोन आकड्यांच्या फॉन्ट साइझमधल्या फरकाबद्दल आहे.

मी वाइनचा तज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं, बॅकएंडचं काम करतो. एका प्रोजेक्टमुळे दीड वर्षं बार्सिलोनात होतो, आणि तिथे सुपरमार्केटमध्ये दुधाच्या पुढच्याच रांगेत कावाच्या बाटल्या असायच्या. स्पॅनिश शिकायची म्हणून लेबलं वाचायला लागलो. लेबल वाचणं आणि दुसऱ्याचा कोड वाचणं यांत फार फरक नाही हे लवकरच कळलं. कॉमेंटमध्ये काय लिहिलंय त्यापेक्षा खाली प्रत्यक्षात काय चाललंय ते बघायचं.

1551 मध्ये नक्की काय घडलं?

बाटली उघडताना फसकन फेस यावा असं काहीही 1551 मध्ये घडलं नव्हतं. त्या सालच्या कागदपत्रांत जाउमे कोदोर्निऊ नावाच्या माणसाच्या मालमत्तेत द्राक्षं चेपायचा घाणा, पिंपं वगैरे गोष्टींची नोंद सापडते. म्हणजे बार्सिलोनाच्या पश्चिमेला, पेनेदेस भागात, सांत सादुर्नी द'अनोया या गावी हे कुटुंब तेव्हा द्राक्षं पिकवत होतं आणि साधी वाइन करत होतं. तसं त्या भागात अनेकजण करत असणार. यांचा कागद टिकला.

पुढे 1659 मध्ये या घराण्याची वारस आना कोदोर्निऊ हिचं लग्न मिकेल राव्हेंतोसशी झालं. त्यानंतर कुटुंबाचं आडनाव राव्हेंतोस झालं, व्यवसायाचं नाव कोदोर्निऊ राहिलं. ही आना पुढे आपल्याला बाटलीवर परत भेटणार आहे, लक्षात ठेवा.

खरी तारीख आहे 1872. त्या वर्षी जुझेप राव्हेंतोस इ फात्जो यानं फ्रान्समधल्या शॅम्पेनची पद्धत वापरून गावातल्याच द्राक्षांपासून फेसाळ वाइन बनवली. शॅम्पेनमध्ये वापरतात ती शार्डोने आणि पिनो न्वार ही द्राक्षं त्याच्या बागेत नव्हती. त्याच्याकडे होती माकाबेऊ, शारेल्लो आणि पारेयादा. पद्धत बाहेरची, माल घरचा. आज ज्याला कावा म्हणतात त्याचं सगळं आर्किटेक्चर या एका निर्णयात आहे. माझ्या मते या घराण्याचा मोठेपणा इथे आहे, आणि म्हणून 1551 चा ढोल मला खटकतो. 321 वर्षांची साधी शेती आधी जोडून 1872 चा धाडसी प्रयोग झाकला जातो.

महिने कशासाठी मोजायचे?

जरा प्रक्रिया बघू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आधी साधी, आंबटसर, पांढरी वाइन करतात. ती बाटलीत भरताना सोबत यीस्ट आणि लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर घालतात आणि बाटली घट्ट बंद करतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल थोडं वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. दाब सहा बारच्या आसपास जातो. आपल्या कारच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त.

काम संपलं की यीस्ट मरतं आणि बाटलीत गाळ होऊन बसतं. हौशी माणूस इथे म्हणेल, झालं, काढा गाळ. पण खरी गंमत इथून पुढे आहे. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात आणि त्यांतली द्रव्यं वाइनमध्ये उतरतात. सफरचंद-लिंबाच्या वासाखाली नुकत्या भाजलेल्या पावाचा, सुक्या मेव्याचा वास येऊ लागतो. फेस बारीक होतो, जिभेवर टोचत नाही. हे सावकाश होतं, आणि त्याला घाई करता येत नाही. नऊ महिन्यांत थोडं, दीड वर्षात बरंच, तीन वर्षांत वेगळीच वाइन.

मग बाटली टप्प्याटप्प्यानं फिरवत उलटी करतात, म्हणजे गाळ तोंडाशी जमतो. पूर्वी हे काम हातानं चालायचं. 1970 च्या दशकात कातालोनियातच शेकडो बाटल्यांचा पिंजरा एकदम फिरवणारं यंत्र विकसित झालं आणि पुढे शॅम्पेनवाल्यांनीही ते घेतलं. शेवटी बाटलीचं तोंड गोठवून गाळाचा गोळा उडवतात, हवी असल्यास थोडी साखर घालतात आणि बूच लावतात. कावाचं बूच असेल तर त्याच्या तळाशी चार टोकांचा तारा असतो. बाटली उघडल्यावर बघा.

कावाच्या नियमांनुसार गाळासोबतचा किमान काळ नऊ महिने. ग्रान रेसेर्वा म्हणवून घ्यायचं तर 30 महिने. एखाद्या विशिष्ट जमिनीचं नाव लावायची सर्वोच्च पायरी, पाराखे कालिफिकादो, तिला 36 महिने. म्हणजे एकाच शब्दाखाली नऊ महिन्यांची आणि नऊ वर्षांची बाटली शेजारी उभी राहू शकते. गेल्या काही वर्षांत जगभर विकल्या गेलेल्या साधारण 25 कोटी बाटल्यांपैकी बहुतांश खालच्या पायरीवरच्या होत्या. 'कावा म्हणजे स्वस्तातली शॅम्पेन' हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं ते यामुळे.

शब्दांची भांडणं

कोदोर्निऊचा इतिहास बारकाईनं बघितला तर तो बराचसा शब्दांच्या भांडणाचा इतिहास आहे. 1898 मध्ये कंपनीनं पोस्टरं करवून घेतली. त्यांतलं रामोन कासास या बार्सिलोनाच्या मोठ्या चित्रकाराचं पोस्टर आजही छापलं जातं. त्यावर नाव आहे 'कोदोर्निऊ शॅम्पेन'. तेव्हा कोणाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. आपल्याकडे अजूनही लग्नाच्या हॉलमध्ये जे काही फेसाळतं त्याला शॅम्पेनच म्हणतात, तसंच ते.

शॅम्पेनच्या उत्पादकांना मात्र वाटत होतं. 1960 मध्ये लंडनच्या कोर्टानं 'स्पॅनिश शॅम्पेन' या नावानं विक्री करायला मनाई केली. स्पेनला नवा शब्द हवा होता. तळघराला कातालान आणि स्पॅनिशमध्ये 'कावा' म्हणतात, तो शब्द पुढे आला. 'शॅम्पेन' हे एका प्रदेशाचं नाव. 'कावा' हे जागेचं नाव खरं, पण ती जागा म्हणजे कोणाचंही तळघर. या शब्दात माती नाही. हा दोष पुढे फार महागात पडला.

दुसरं भांडण कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. 1989 मध्ये युरोपियन समुदायानं नियम केला की 'क्रेमां' हा शब्द फक्त फ्रान्स आणि लक्झेंबर्गच्या ठरावीक स्पार्कलिंग वाइनसाठी वापरायचा. कोदोर्निऊकडे 'ग्रान क्रेमांत दे कोदोर्निऊ' हा ट्रेडमार्क 1924 पासून होता. कंपनी थेट युरोपीय न्यायालयात गेली. सर्वसाधारण नियमाला एखाद्या खासगी कंपनीनं थेट आव्हान देणं तेव्हा जवळपास अशक्य मानलं जायचं. 18 मे 1994 ला निकाल कोदोर्निऊच्या बाजूनं लागला आणि तो नियम त्या भागापुरता रद्द झाला.

ही केस मला आवडते. कारण त्यात कंपनीनं 1551 चा आधार घेतला नाही. 'हा शब्द आम्ही 1924 पासून या बाटलीवर वापरतोय' एवढं तपासता येणारं विधान केलं आणि त्यावर जिंकली. लेबलवर हीच शिस्त पाळली असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

खरं बोलणारी इमारत

सांत सादुर्नीला बार्सिलोनाहून लोकल जाते. एका रविवारी गेलो. कोदोर्निऊची इमारत बघितली आणि कंपनीवरचा माझा राग बराच निवळला.

1895 मध्ये मानुएल राव्हेंतोसनं जुझेप पुच इ कादाफाल्क या वास्तुविशारदाला हे काम दिलं. गाउदीच्या काळातला, कातालान आधुनिकतावादाच्या पहिल्या फळीतला माणूस. काम 1915 मध्ये पूर्ण झालं. 1976 मध्ये इमारतीला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. वर विटांच्या उंच कमानी, वाऱ्यानं फुगलेल्या शिडासारख्या. देवळात गेल्यासारखं वाटतं, पण मधे मूर्ती नाही. जमिनीखाली पाच मजले आणि जवळजवळ 30 किलोमीटरचे बोगदे. आत छोट्या गाडीत बसवून फिरवतात.

खाली गेल्यावर पहिल्यांदा समजतं की या धंद्यात खर्च कशाचा आहे. द्राक्षाचा आहे, काचेचा आहे, पण सगळ्यात जास्त जागेचा आणि थांबण्याचा आहे. प्रत्येक बाटली तिथे जितके महिने झोपते तितके महिने कोणाचे तरी पैसे झोपलेले असतात. नव्या कंपनीला हे परवडत नाही. जुन्या घराण्याकडे वारसा म्हणून खरोखर काही असेल तर ते हे बोगदे आहेत: थांबण्याची क्षमता. मग प्रश्न असा की ज्यांच्याकडे थांबण्याची इतकी जागा आहे त्यांनी सगळ्यांत जास्त बाटल्या कमीत कमी थांबवून का विकाव्यात?

फिलॉक्सेरा आणि द्राक्षांची निवड

1887 मध्ये पेनेदेसमध्ये फिलॉक्सेरा पोचला. मुळं खाणारी ही सूक्ष्म कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि तिनं अख्ख्या खंडाच्या द्राक्षबागा मारल्या. उपाय एकच निघाला: अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपियन वेलीचं कलम. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला हे समजावायला नको. आपल्याकडचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकनच, फक्त इथे तो खारवट जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी लावतात.

पेनेदेसमध्ये त्याआधी लाल द्राक्षं बरीच होती. बागा मेल्यावर नव्यानं काय लावायचं हा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्यापुढे होता. मानुएल राव्हेंतोसच्या पुढाकारानं स्थानिक पांढऱ्या जाती मोठ्या प्रमाणावर लावल्या गेल्या आणि पेनेदेस हा फेसाळ वाइनचा प्रदेश झाला. त्याच माणसानं 1914 मध्ये येइदाजवळ राइमातची ओसाड, खारवट जमीन विकत घेतली, कालव्याच्या पाण्यानं ती पिकाखाली आणली आणि तिथे काँक्रीटची वाइनरी बांधली, तेही स्पेनमध्ये काँक्रीट नवलाचं होतं तेव्हा. कोदोर्निऊच्या पुस्तकातली ही दोन पानं मला पहिल्या पानापेक्षा जास्त मोलाची वाटतात.

आता बाटल्या

सगळ्यात खाली क्लासिको. तीन स्थानिक द्राक्षं, किमान काळाच्या जवळपासचं वय. हिरव्या सफरचंदाचा वास, लिंबाची फोड, फेस जरा भरड, गिळली की चव लगेच संपते. या बाटलीला नावं ठेवायची नाहीत. एवढ्या कमी किमतीत प्रत्येक बाटलीत स्वतंत्रपणे फेस तयार करून देणं हे इंजिनिअरिंगचं मोठं काम आहे. इटलीतला प्रोसेक्को बहुतेक वेळा मोठ्या टाकीत फेसाळवतात, त्यात खर्च कमी येतो. क्लासिको प्रामाणिक आहे. वडे-भजी, खारे शेंगदाणे, तळलेले मासे यांच्यासोबत ती चोख काम करते. माझी अपेक्षा एवढीच की 'नऊ महिने' हे अभिमानानं समोर लिहावं.

तिच्या वर आना. 1984 मध्ये आलेली, पांढऱ्या बाटलीतली, जगभर ओळखली जाणारी. सतराव्या शतकातल्या त्या वारस मुलीचं नाव हिच्यावर. आत मात्र बहुतांश शार्डोने. म्हणजे ज्या घराण्यानं गावच्या द्राक्षांवर विश्वास ठेवून नाव कमावलं, त्यानं घरातल्या मुलीचं नाव फ्रेंच द्राक्षाला दिलं. गुलाबी आनामध्ये तर पिनो न्वार मुख्य. चवीला आना गोड स्वभावाची आहे: पीच, थोडं अननस, मऊ शेवट. पार्टीत पाचजणांना दिली तर पाचही जणांना आवडेल. मला ती सगळ्यांशी छान बोलणाऱ्या पण स्वतःबद्दल काही न सांगणाऱ्या माणसासारखी वाटते.

देशी तेवढं चांगलं असा माझा हट्ट नाही. अडचण साध्या तर्काची आहे. शार्डोनेची फेसाळ वाइन केली की तिची तुलना थेट शॅम्पेनशी होते. तिथली थंड हवा, खडूची जमीन, शंभर वर्षांची किंमत वसूल करायची सवय. त्या स्पर्धेत पेनेदेसची गरम उन्हातली शार्डोने 'बरी आहे, आणि स्वस्तही' एवढंच प्रशस्तिपत्रक मिळवणार. शारेल्लोला मात्र तुलनाच नाही. ते जाड सालीचं, आंबटपणा टिकवून ठेवणारं, बडीशेप आणि ओल्या मातीची आठवण करून देणारं द्राक्ष आहे. तरुणपणी ते जरा रासवट लागतं. तीन-चार वर्षं गाळासोबत ठेवलं तर त्याचं सोनं होतं. ज्यात तुम्हाला स्पर्धक नाही ते मागे ठेवून, ज्यात तुम्ही कायम दुसरे ते पुढे करायचं, हा धंद्याच्या हिशेबानंही चुकीचा निर्णय आहे.

याचा पुरावा कंपनीच्याच वरच्या फळीत सापडतो. आर्स कोलेक्ता या मालिकेत तीन बाटल्या एकेका शेताच्या आहेत. राइमातची ला प्लेता, शार्डोने. कोंका दे बार्बेराची एल त्रोस नोऊ, पिनो न्वार. आणि पेनेदेसची ला फिदेउएरा, शारेल्लो. 2017 मध्ये पहिल्यांदा पाराखे कालिफिकादोचा दर्जा दिला गेला त्या मोजक्या जमिनींत या तिन्ही होत्या. नावं बघा. 'प्लेता' म्हणजे गुरंमेंढरं कोंडायचा वाडा. 'त्रोस नोऊ' म्हणजे नवा तुकडा. आपण 'नवी पट्टी' म्हणू. आपल्याकडे प्रत्येक वावराला असंच नाव असतं, सातबाऱ्यावर नसलं तरी घरात सगळ्यांना माहीत असतं.

ला फिदेउएरा मी एका मित्राच्या निरोपाच्या जेवणात प्यायलो. पहिल्या घोटाला कडक, जवळजवळ खारट. अर्ध्या तासानं ग्लासमध्ये भाजलेल्या बदामाचा वास यायला लागला. बाटली संपेपर्यंत टेबलावर सगळे शांत झाले होते. पूर्ण श्रेणीत हीच एक बाटली आहे जी दुसरीकडे कुठेही बनली नसती.

इथे श्रेणीचा एक पॅटर्न दिसतो. खालच्या लेबलांवर माणसांची आणि घराण्याची नावं. वर गेलं की शेतांची. म्हणजे कंपनीला नीट ठाऊक आहे की वाइनचं खरं मूल्य जमिनीत आणि महिन्यांत आहे. स्वस्त गिऱ्हाइकाला मात्र ती पूर्वज विकते.

अगदी कळसावर मात्र पुन्हा गंमत होते. या तीन शेतांच्या वाइनचं मिश्रण करून कंपनीनं एक अतिमहाग बाटली काढली, शंभर युरोंच्या वर किंमत असलेली. नाव 456. का? तर द्राक्षं 2007 च्या हंगामातली, आणि 2007 वजा 1551 बरोबर 456. पुढची 2008 ची, म्हणून 457. इतकी वर्षं तळघरात राहिलेली, इतकी मेहनतीची वाइन, आणि तिच्या कपाळावर तिच्या स्वतःच्या वयाऐवजी एका वजाबाकीचं उत्तर!

फुटलेलं घर

हे सगळं लेबलच्या चवीपुरतं असतं तर मी इतकं बोललो नसतो. पण नऊ महिन्यांत विकायच्या बाटलीसाठी स्वस्त द्राक्ष लागतं, आणि स्वस्त द्राक्ष म्हणजे कोणाच्या तरी शेतात कमी भाव. पेनेदेसमधले बहुतेक बागायतदार स्वतः वाइन करत नाहीत, मोठ्या कंपन्यांना द्राक्षं घालतात. 'कावा' हा शब्द स्वस्त झाला की पहिला फटका त्यांना बसतो. त्यात 2021 नंतर सलग दुष्काळाची वर्षं आली. 2023 च्या हंगामात पीक घसरलं, कोरडवाहू बागांत वेली वाळल्या.

बंड आधीच सुरू झालं होतं, आणि सुरुवात घरातूनच झाली. राव्हेंतोस कुटुंबातलेच जुझेप मारिया राव्हेंतोस इ ब्लांक कंपनीतून बाहेर पडले आणि 1986 मध्ये त्यांनी स्वतःच्या नावानं वाइनरी काढली, कोदोर्निऊच्या अगदी समोर. 2012 मध्ये या वाइनरीनं 'कावा' हा शब्दच सोडून दिला आणि बाटलीवर अनोया नदीच्या खोऱ्याचं नाव लिहायला सुरुवात केली. 2019 च्या सुरुवातीला ग्रामोना, रेकारेदो, योपार्त यांच्यासह नऊ वाइनऱ्या कावाच्या यंत्रणेतून बाहेर पडल्या आणि 'कोर्पिनात' हे नवं नाव घेतलं. त्यांच्या अटी: सेंद्रिय द्राक्षं, हातानं तोडणी, किमान 90 टक्के स्थानिक जाती, किमान 18 महिने. कावाच्या नियामकांनाही मग नियम कडक करावे लागले.

या अटी 1872 च्या त्या प्रयोगाच्या किती जवळ आहेत बघा. गावचं द्राक्ष, आणि वेळ. ज्याचा शोध कोदोर्निऊनं लावला, त्याचा वारसा सांगणारे लोक आता रस्त्याच्या पलीकडे उभे आहेत.

आणि 1551 वाल्या घराण्याचं काय? 2018 मध्ये कार्लाइल या अमेरिकन गुंतवणूक कंपनीनं कोदोर्निऊचा बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. त्याच वर्षी गावातल्याच फ्रेशेनेत या दुसऱ्या बड्या कंपनीचा अर्ध्याहून जास्त हिस्सा जर्मनीच्या हेंकेलकडे गेला. गुंतवणूकदारानं कंपनी घेणं हे पाप नाही. माझा पगारही अशाच पैशातून येत आला आहे. पण मालकी बदलल्यावर कुटुंबाच्या वयाचा आकडा मोठ्या अक्षरात ठेवणं म्हणजे जुन्या वाड्याची पाटी नव्या सोसायटीच्या गेटला लावणं.

आपल्याकडच्या बाटलीसाठी

हा प्रश्न आपल्यापासून तितका लांब नाही. 1980 च्या दशकात नारायणगावला शाम चौगुले यांच्या शातो इंडाजनं फ्रान्सच्या पायपर-हाइडसीकची तांत्रिक मदत घेऊन याच पद्धतीची स्पार्कलिंग वाइन केली आणि ती 'ओमर खय्याम' नावानं परदेशात गेली. आज दिंडोरीत शाँदोंची वाइनरी आहे, सुलाही स्पार्कलिंग वाइन करते. आपल्याकडे 1551 नाही, त्यामुळे तो छापायचा मोहही नाही. हा तोटा नसून सवलत आहे. नाशिकच्या बाटलीवर कोणत्या गावचं द्राक्ष, कोणती जात, गाळासोबत किती महिने, गाळ कधी काढला, एवढं ठळक लिहिलं तर जुन्या घराण्यांना जे जमत नाही ते आपल्याला पहिल्या दिवसापासून जमेल.

कोदोर्निऊबद्दल माझं मत विचाराल तर असं: इमारत थोर, 1872 चा निर्णय थोर, ला फिदेउएरा थोर. क्लासिको पैसे वसूल. आना टाळली तरी चालेल. 456 च्या किमतीत ला फिदेउएराच्या बाटल्या घ्या आणि मित्रांना बोलवा. आणि कुठलीही स्पार्कलिंग वाइन हातात आली की समोरचं साल सोडून द्या, बाटली फिरवा, मागची बारीक अक्षरं मोबाइलनं झूम करून वाचा. महिने लिहिले असतील तर तिच्याशी बोलण्यासारखं काहीतरी आहे. नसतील तर दुकानदाराला विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याला उत्तर तयार मिळतं.